वाचकांचे प्रश्न : जॉली बॉयला जाताय, मग पाय कुठे टेकवताय ते आधी बघा

दिवाळीनंतर अंदमानच्या प्रश्नांचा नुसता पाऊस पडतो, आणि यंदा त्यातली निम्मी पत्रं एकाच बेटाबद्दल आहेत. जॉली बॉय. वंडूरजवळचं छोटंसं बेट, तिथे कुणी राहत नाही, हॉटेल नाही, दुकान नाही, रात्री थांबायला परवानगी नाही, सकाळी जायचं आणि दुपारी परत यायचं. मी तिथे तीनदा जाऊन आलेय आणि मला ते बेट फार जवळचं वाटतं, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

ताई, आम्ही ठाण्याहून दोन फॅमिली मिळून जानेवारीत अंदमानला चाललोय. एजंट म्हणतो जॉली बॉय कशाला, हॅवलॉक करताय ना, तिथे पण तेच आहे. आमच्याकडे पोर्ट ब्लेअरला दोनच दिवस आहेत आणि सेल्युलर जेल तर बघायचंच आहे. कसं बसवायचं?
— घोडबंदर रोड

एजंटचं म्हणणं मला पटत नाही. हॅवलॉक, म्हणजे आता स्वराज द्वीप, सुंदरच आहे पण तिथे वस्ती आहे, बाजार आहे, रिसॉर्ट आहेत. जॉली बॉय हे महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्कच्या आतलं बेट. हे पार्क १९८३ साली झालं, त्यात १५ बेटं आणि त्यांच्या मधला समुद्र येतो, एकूण साधारण २८१ चौरस किलोमीटर. या १५ पैकी आपल्यासारख्यांना फक्त दोन बेटांवर जाता येतं, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि ती पण एका वेळी एकच. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय उघडं असतं आणि पावसाळ्याच्या बाजूला रेड स्किन, म्हणजे एक चालू असताना दुसऱ्याला विश्रांती. तुम्ही जानेवारीत जाताय म्हणजे जॉली बॉयच.

दोन दिवसात आरामात बसतं, फक्त सोमवार येत नाही ना ते बघा कारण सोमवारी पार्क बंद असतं. आणि घड्याळाचा एक घोळ आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. अंदमान आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तिथे पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. ठाण्यात आपण त्या वेळी दुपारचा चहा घेत असतो. म्हणून जॉली बॉयच्या दिवशी सकाळी उठायला लागेल, वंडूर जेट्टी पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटर आहे (शहराचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, तिकिटावर काहीही असलं तरी गोंधळू नका) आणि बोटी सकाळीच सुटतात. वनखात्याचं परमिट लागतं, ते आधीच काढून ठेवा, ऐन वेळी जेट्टीवर बघू असं करू नका, आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. तिथे घाई नको, सावरकर १९११ ते १९२१ ज्या इमारतीत होते तिथे अर्धा तास काढून निघून येणं बरं नाही.

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. बेटावर प्लास्टिक चालत नाही असं ऐकलं. मग पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, डायपर, खाऊची पाकिटं हे सगळं कसं करायचं? जरा जास्तच कडक नाही का हे?
— खारघर

तुमची अडचण खरी आहे, लहान मूल घेऊन फिरणं म्हणजे अर्धं घर पाठीवर. पण नियम कडक आहे आणि मला तो तसाच हवा आहे. वंडूरला जेट्टीवर बॅगा उघडून बघतात, बिसलेरीची बाटली असेल तर ती तिथेच राहते, त्याऐवजी डिपॉझिट भरून पाण्याची बाटली मिळते आणि परत आल्यावर बाटली दाखवून पैसे परत घ्यायचे. ज्याने बाटली बेटावर टाकली त्याचे पैसे गेले. इतकी साधी पद्धत आहे आणि चालते. बेटावर मी तासनतास हिंडले, झाडीच्या कडेने, वाळूवर, एक पाकीट दिसलं नाही. आपल्या ठाण्याच्या येऊरला एका रविवारनंतर सोमवारी सकाळी जाऊन बघा, बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा, चिप्सची पाकिटं, आणि ते सुद्धा नॅशनल पार्कचंच जंगल आहे हो. मला येऊरचं फार वाईट वाटतं, म्हणून जॉली बॉयच्या जेट्टीवर कुणी माझी बॅग उपसली तर मला राग येत नाही.

आता तुमचं सामान. घरच्या स्टीलच्या बाटल्या न्या. खाणं स्टीलच्या डब्यात, पाकिटातून काढून, म्हणजे बिस्किटं सुद्धा डब्यात. आम्ही दशम्या, सुकी चटणी आणि केळी नेली होती, मस्त चालतं, सालं परत डब्यात. बेटावर विकत काही मिळत नाही त्यामुळे बाळाचं खाणं विसरू नका. डायपरबद्दल चेकिंगला असलेल्या माणसाला सरळ सांगा, मूल दाखवा, आणि वापरलेला डायपर कापडी पिशवीत गुंडाळून तुमच्याबरोबर वंडूरला परत आला पाहिजे, झुडपात नाही. बाथरूमचं सगळ्यांनी जेट्टीवरच उरकून घ्या.

अजून एक, बाळाला सनक्रीम थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट आणि टोपी घाला. काही सनक्रीममध्ये ऑक्सिबेन्झोन असतं, ते प्रवाळांना घातक ठरतं म्हणून पलाऊ देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून असल्या क्रीमवर बंदी घातली. कपडा सगळ्यात बरा, मोठ्यांनाही.

मी ६८ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात, पोहता येत नाही आणि बोट लागते. नातवंडं म्हणतात आजी चल. मी येऊन काय करू, वाळूवर बसून राहू? आणि व्हिडिओत दिसतात तसे रंगीत प्रवाळ खरंच दिसतात का?
— नौपाडा

आजी, तुम्ही जाच. या बेटाची गंमत ही की न भिजता पण बघता येतं. मोठी बोट जॉली बॉयच्या किनाऱ्याला लागतच नाही, जेट्टी बांधलेली नाहीये, मग जरा अलीकडे थांबून आपल्याला लहान बोटीत उतरवतात आणि त्या बोटीच्या तळाला काच असते. म्हणजे किनाऱ्यावर पोचता पोचताच खालचं दिसायला लागतं. पुढे जास्त वेळाची काचेच्या बोटीची फेरी वेगळे पैसे देऊन घेता येते, ती तुम्ही नक्की घ्या, नातवंडं पाण्यात असतील तेव्हा तुम्ही वरून बघा.

खरं अवघड काय आहे ते पण सांगते. एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाऊल टाकायचं असतं, दोन्ही हलत असतात, आणि शेवटी वाळूत उतरायचं. बोटीवरची मुलं हात देतात, पण आधी सांगून ठेवा की गुडघे दुखतात, मग ती तुम्हाला सगळ्यात शेवटी शांतपणे उतरवतील, लाज वाटून घेऊ नका. बोट लागते म्हणता तर जाताना पाऊण-एक तासाचा प्रवास आहे, त्यातला बराचसा बेटांच्या मधून, दोन्ही बाजूला तिवरांची झाडी, तिथे पाणी बऱ्यापैकी शांत असतं. बोटीत मधोमध बसा, पोट अगदी रिकामं नको, आणि गोळी घ्यायची असेल तर तुमच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर चालते का हे तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच.

रंगांचं. आजी, व्हिडिओतले रंग वाढवलेले असतात. जिवंत प्रवाळ बरेचदा मातकट, मोहरीसारखा, शेवाळी, खाकी दिसतो आणि पहिल्यांदा बघणारी माणसं म्हणतात अरे हे तर दगड आहेत. पण तो तपकिरी रंग म्हणजेच तब्येत चांगली असल्याची खूण आहे. प्रवाळ म्हणजे इवल्या इवल्या जिवांची वसाहत, प्रत्येकाने स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधलेली, आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि बरंचसं या घरमालकाला देतं. रंग त्या शेवाळाचा. समुद्र नेहमीपेक्षा एखाद-दोन डिग्री जास्त तापला आणि तसाच आठवडे राहिला की ही जोडी तुटते, शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. अंदमानात २०१० च्या उन्हाळ्यात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, त्याच्या आधी १९९८ ला, नंतर २०१६ ला. त्यामुळे तुम्हाला मधे मधे पांढरे, तुटके पट्टे दिसतील, आणि त्याच्याच शेजारी मोहरीच्या रंगाचे नवे अंकुर. मला ते नवे अंकुर दिसले तेव्हा खूप बरं वाटलं होतं. खरे रंग बघायचे तर मासे बघा, निळे-पिवळे पट्टे, पोपटमासा, आणि फुलासारख्या हलणाऱ्या समुद्रफुलात लपाछपी खेळणारे केशरी क्लाउनफिश.

हो, आणि तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की अंगठीतलं पोवळं हेच का. नाही. दागिन्यातलं लाल पोवळं म्हणजे वेगळ्या जातीचं, मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. इथले खडक बांधणारे प्रवाळ वेगळे.

पोहता येत नाही तरी स्नॉर्कलिंग करता येतं का? भीती वाटते पण करायचं पण आहे. काय काळजी घ्यायची?
— कळवा

येतं. लाइफ जॅकेट किंवा मोठी रिंग असते, गाइड रिंग धरून तुम्हाला ओढत नेतो, तुम्ही फक्त तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घ्यायचा. पहिली दोन मिनिटं घाबरायला होतं कारण नाक बंद आणि तोंडाने श्वास ही सवय आपल्याला नसते, त्यामुळे घरी बादलीत तोंड घालून नाही पण निदान सोसायटीच्या पूलमध्ये एकदा मास्क लावून बघा. मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी शिरतं, चष्मा आत बसत नाही, लांब केस घट्ट बांधा. गाइडने सांगितलेल्या जागेच्या बाहेर जायचं नाही, अंदमानच्या खाड्यांमध्ये मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या, वंडूरच्या बीचवर तशा पाट्याच लावल्यात, तेव्हा ठरवून दिलेली जागा सोडून कुठेही पाण्यात उतरणं हा शहाणपणा नाही.

पण तुमच्या प्रश्नाला मला जे मनापासून सांगायचंय ते वेगळंच आहे आणि त्याच्यासाठीच मी हे सगळं सदर लिहायला बसले. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. मी गडबडले, नाकात खारं पाणी, आणि पायाला काहीतरी टणक लागलं तशी मी त्याच्यावर उभी राहिले. कंबरेएवढं पाणी होतं. हायसं वाटलं. मास्क काढला, पाणी झटकलं, आणि गाइड ओरडला, दीदी पैर उठाओ, पैर! मला वाटलं मला काही चावेल म्हणून ओरडतोय. तो माझ्यासाठी ओरडत नव्हता. त्याने मला रिंगवर चढवलं आणि मास्क लावून खाली बघायला लावलं, मी जिथे उभी होते तिथे फांद्यांसारखा प्रवाळ होता, त्यातल्या तीन-चार फांद्या तुटून पडल्या होत्या आणि तुटलेली टोकं पांढरी स्वच्छ. पांढरी म्हणजे आतली हाडं म्हणा ना. बाजूला एक गोलसर, मेंदूसारख्या रेघा असलेला प्रवाळ होता, टोपलीएवढा. असले गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे ती टोपली माझ्या वयाच्या आसपासची असणार, आणि मी तिच्यावर उभी राहायची फक्त वीतभरच चुकले होते. तो पोरगा एकवीस-बावीसचा असेल, चिडला नव्हता, त्याला नुसतं वाईट वाटलं होतं, आणि ते चिडण्यापेक्षा जास्त लागलं मला.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते. पाण्यात पाय टेकवायचा नाही. वाळू आहे अशी शंभर टक्के खात्री असेल तरच. मास्कमध्ये पाणी गेलं तर रिंगला लटका, आडवे तरंगा, गाइडचा हात धरा, पण उभे राहू नका. आणि ही सवय पाण्यात उतरायच्या आधी करायची असते, कारण घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, पाय आपोआप खाली जातो. म्हणून पूलमध्ये प्रॅक्टिस करताना पण हेच करा, मास्क भरला तरी पाय न टेकवता रिंगला धरून तो साफ करायचा, दहा वेळा. तुम्हाला पोहता येत नाही म्हणून हे तुमच्यासाठी जास्तच महत्त्वाचं. फिन्स म्हणजे पायातले पंख नवशिक्यांनी घालू नयेत असं माझं मत, किती मोठे आहेत याचा अंदाज येत नाही आणि मागे काय तुटलं ते कळत पण नाही.

ताई, मी सातवीत आहे. आमच्या शाळेची ट्रिप खाडीवर गेली होती, फ्लेमिंगो बघितले. मग आपल्या ठाण्याच्या खाडीत प्रवाळ का नाहीत? समुद्र तर तोच आहे ना?
— ऐरोली

बेटा, किती छान प्रश्न विचारलास. पाणी खारं असलं की झालं असं नसतं. प्रवाळाच्या अंगातल्या शेवाळाला ऊन लागतं, म्हणजे पाणी स्वच्छ हवं, आरपार दिसणारं. आपली खाडी गाळाची, उल्हास नदीचं गोडं पाणी येतं, पावसाळ्यात तर सगळं मातकट होतं, वर शहराचं सांडपाणी. प्रवाळ त्यात गुदमरतो. पण तोच चिखल फ्लेमिंगोंना हवा असतो, कारण त्यांचं खाणं चिखलात आणि उथळ पाण्यात, म्हणून तर २०१५ मध्ये आपल्या खाडीचा १६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ती रामसर, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. ज्याला जे पाणी मानवतं तिथे तो राहतो.

आणि ऐक, तू ऐरोलीला बोटीतून जी तिवरं बघितलीस तशीच झाडी वंडूरला पण लागते, जॉली बॉयच्या वाटेवर. ती झाडं जमिनीवरून वाहून येणारा गाळ मुळांत अडवून ठेवतात, म्हणून पुढचं पाणी नितळ राहतं आणि प्रवाळ जगतात. अजून एक गोष्ट तुझ्या बाईंना सांग. मुंबईला प्रवाळ अगदीच नाहीत असं नाही, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर लहान लहान वसाहती होत्या आणि कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी २०२० मध्ये त्या उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या. मोठे बघायचे असतील तर बाबांना मालवणला न्यायला सांग, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

वंडूरहून नॉर्थ सेंटिनेल बेट जवळ आहे म्हणतात. बोटवाला थोडे जास्त पैसे घेऊन लांबून दाखवतो का?
— कोपरखैरणे

नाही, आणि कृपा करून कुणाला विचारू पण नका. अंतर ३६ किलोमीटरच्या आसपास आहे, पण १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली तिथे जायला बंदी आहे, लांबून सुद्धा, पाच सागरी मैलांच्या आत फिरकायचं नाही. जॉली बॉय निर्मनुष्य आहे म्हणून आपण जातो. सेंटिनेल हे लोकांचं घर आहे, त्यांनी कुणाला बोलावलेलं नाही, आणि आपल्या साध्या सर्दीचे जंतू सुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकतात.

आमच्या शोकेसमध्ये वडिलांनी फार वर्षांपूर्वी अंदमानहून आणलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा आहे. आता मुलगी ट्रिपला चाललीय, तिला पण एखादा शंख, एखादा मेलेला तुकडा आणायला सांगितलंय. वाळूवर पडलेलाच उचलायचा, तोडायचा नाही, मग काय हरकत आहे?
— वाशी

दादा, हरकत आहे, आणि तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून मी पण सविस्तर सांगते. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. त्यात जिवंत-मेलेला असा फरक करून सुटका होत नाही. पार्कमधून तर काहीच उचलायचं नाही, वाळू सुद्धा नाही. परतताना विमानतळावर बॅगा स्कॅन होतात आणि असे तुकडे काढून घेतात, वर केस होऊ शकते, मुलीला त्यात कशाला अडकवायचं. तुमच्या घरातल्या जुन्या तुकड्याबद्दल मात्र मी माझ्या मनाने काही सांगणार नाही, वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा आणि तोवर तो विकू नका, कुणाला भेट पण देऊ नका.

कायदा बाजूला ठेवून सांगते. वाळूवर पडलेला तुकडा वाया गेलेला नसतो. लाटा त्याला झिजवतात, पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याची पूड बाहेर टाकतात, आणि त्यातूनच ती पांढरी वाळू होते जिच्यावर आपण फोटो काढतो. रिकामा शंख पण रिकामा राहत नाही. तिसऱ्या वेळी गेले तेव्हा मी पाण्यात उतरलेच नाही, झाडाखाली बसले होते आणि समोर एक छोटा खेकडा पाठीवर शंख घेऊन चाललेला, तो शंख त्याला लहान झाला होता, बाजूला जरा मोठा रिकामा शंख पडला होता. त्याने तो आतून बाहेरून चाचपला, कितीतरी वेळ, आणि मग एका झटक्यात जुन्यातून निघून नव्यात शिरला. उघडं मऊ अंग जेमतेम सेकंदभर दिसलं. तो शंख आदल्या दिवशी कुणी उचलून वाशीला आणला असता तर तो कुठे गेला असता?

मुलीला सांगा, फोटो आण. आणि बरोबर लहान मुलं असतील तर परतीच्या बोटीत चढायच्या आधी त्यांचे खिसे बाहेर काढून बघ, चपला झटक, मुठी उघडून बघ. माझ्या भाचीच्या मुठीत दोन शिंपले निघाले होते. तिने ते परत नेऊन जिथून उचलले तिथेच ठेवले, बोटवाला तेवढा वेळ थांबला.